विश्लेषण : फराळाचे उरलेले तेल पुन्हा कढईत घालावे का?

दिवाळीचा फराळ आटोपला की घरोघरी एक प्रश्न उरतो. कढईत राहिलेल्या लिटर-दीड लिटर तेलाचे करायचे काय? फेकून देणे जिवावर येते. मग ते गाळून डब्यात जाते आणि पुढच्या रविवारी भज्यांसाठी पुन्हा तापते. ही सवय कितपत धोक्याची आहे?

हा प्रश्न आताच का?

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्चे पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील प्रभावी आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. तेलबियांना भाव मिळावा हा त्यामागचा हेतू होता. मे २०२५ अखेर हे शुल्क १६.५ टक्क्यांवर आणले गेले. मधल्या काळात घरखर्चाला झळ बसलीच. तेल महागले की वाचवले जाते आणि वाचवलेले तेल पुन्हा पुन्हा तापवले जाते.

तेल तापल्यावर नेमके काय होते?

तळण साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला होते. या तापमानाला हवेतील ऑक्सिजन आणि पदार्थातील पाणी मिळून तेलाचे रेणू तोडतात. त्यातून ‘पोलर’ संयुगे तयार होतात. प्रत्येक तळणीत त्यांचे प्रमाण वाढते आणि गाळल्याने ती जात नाहीत. गाळणीत अडकतात ते फक्त पिठाचे कण. मात्र हे कण काढणेही गरजेचे असते, कारण तेच पुन्हा जळून तेल काळे करतात. करंजी फुटून सारण तेलात उतरले किंवा अनारसा हसला की तेल लवकर खराब होते, ते याचमुळे. त्यामुळे असे पदार्थ शेवटी तळलेले बरे.

नियम काय सांगतो?

अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. पोलर संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेले तेल तळणीसाठी वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंदही ठेवावी लागते. हा नियम व्यवसायांसाठी आहे. घरच्या कढईवर देखरेख करणारे कोणी नाही. घरांसाठी आहे तो फक्त सल्ला. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांनुसार, एकदा तळलेले तेल गाळून भाजी-आमटीला वापरता येईल, पण त्यात पुन्हा तळू नये. तेही एक-दोन दिवसांत संपवावे.

घरी मीटर नसताना ओळखायचे कसे?

तेल काळपट आणि चिकट झाले, वर न विरणारा फेस आला, खवट वास येऊ लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर निघाला, तर ते टाकून द्यावे. त्यात ताजे तेल मिसळून काम भागत नाही. उलट ताजे तेलही वाया जाते. खरी बचत सुरुवातीलाच होते. लहान, खोल कढईत कमी तेल घेऊन थोडे-थोडे तळले की उरतेच कमी. पिठाची छोटी गोळी टाकावी. ती बुडबुडे काढत वर आली, पण लगेच काळी पडली नाही, तर तापमान योग्य. तेल कोमट असेल तर पदार्थ जास्त तेल पितो.

कढईने पेट घेतला तर?

धुराकडे दुर्लक्ष केले आणि तेल तापतच राहिले, तर ते आपोआप पेटू शकते. अशा वेळी पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते. ती वाफ पेटते तेल छतापर्यंत उडवते. शक्य असेल तर गॅस बंद करावा, कढईवर धातूचे झाकण सरकवावे आणि ती थंड होईपर्यंत उघडू नये. पेटलेली कढई उचलून बाहेर नेऊ नये. आग आटोक्यात येत नसेल तर घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ वर फोन करावा. भाजल्यास तो भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

उरलेले तेल जाते कुठे?

वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवण्यासाठी एफएसएसएआयने २०१८ मध्ये ‘रुको’ उपक्रम सुरू केला. पण त्याचा भर मोठ्या प्रमाणात तळण करणाऱ्यांवर आहे. घरातले अर्धा लिटर तेल गोळा करायला सहसा कोणी येत नाही. ते बहुतेकदा मोरीत ओतले जाते आणि तिथे थिजून पाइप तुंबवते. तेल थंड करून जुन्या बाटलीत भरणे किंवा भुशात, वाळूत जिरवून कचऱ्यात देणे, एवढेच सध्या घरांच्या हाती आहे. एखाद्या मोठ्या सोसायटीने मात्र दिवाळीनंतर सर्व घरांचे तेल एका पिंपात जमा केले, तर ते नेण्यासाठी संकलकाला बोलावणे शक्य होऊ शकते.