चेहऱ्याचे भांडवल

चित्रपटातील नटनट्यांनी चेहऱ्यावर करवून घेतलेल्या शस्त्रक्रिया हा आपल्याकडे प्रायः कुचेष्टेचा विषय असतो. जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून अमकीचे नाक बदलले, तमक्याची हनुवटी पुढे आली, असे निष्कर्ष काढले जातात. श्रुती हासन हिने २०२० मध्ये प्लास्टिक सर्जरी केल्याचे आणि राजकुमार राव याने २०२४ मध्ये हनुवटीवर फिलरचा उपचार घेतल्याचे जाहीरपणे मान्य केले, तेही टीकेचा गदारोळ उठल्यावर. या प्रकाराकडे केवळ हौस किंवा अहंकार म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे. नटाचा चेहरा हे त्याचे भांडवल असते आणि भांडवलाची झीज भरून काढावी लागते.

ही झीज किती महाग पडते हे येवल्याच्या ललिता पवार यांच्या आयुष्यावरून दिसते. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची थप्पड प्रसंगाच्या गरजेपेक्षा जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, सुमारे तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामे तेथेच संपली. पुढे ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ‘रामायण’ मालिकेतील मंथरा घरोघरी पोचली, हे खरे. परंतु त्यांचा अभिनय तोच असताना बाजारभाव मात्र एका पापणीबरोबर खाली आला, हेही तितकेच खरे. साठीच्या उंबरठ्यावरील नायकासमोर तिशीही न ओलांडलेली नायिका उभी करणाऱ्या या व्यवसायात स्त्रीने सुरीखाली जाणे हा पुष्कळदा हिशेबी निर्णय असतो.

शस्त्रक्रियेत मुळात लाजिरवाणे काही नाही. किंबहुना या विद्येचा एक धागा पुण्यापर्यंत पोचतो. टिपूशी झालेल्या युद्धात १७९२ मध्ये कावसजी नावाच्या इंग्रजांच्या मराठी गाडीवानाचे नाक कापले गेले. ते पुण्याच्या एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून पुन्हा उभे केले. ती हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि पुढे १८१४ मध्ये कार्प्यू या शल्यविशारदाने तीच पद्धत इंग्लंडमध्ये वापरली. अमेरिकेत स्थायिक झालेले पद्मश्री डॉ. शरदकुमार दीक्षित वर्षानुवर्षे भारतात येऊन दुभंगलेले ओठ, खाली आलेल्या पापण्या आणि चेहऱ्यावरील व्रण मोफत दुरुस्त करीत. त्यांची शिबिरे त्या वेळच्या औरंगाबादेतही भरत. आपल्या करखात्यानेही हा भेद ओळखला आहे. वस्तू व सेवा करात जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया आरोग्यसेवा म्हणून करमुक्त आहे, केवळ सौंदर्यासाठी केलेली नाही. (ललिता पवारांच्या डोळ्याला कर लागला नसता, श्रीमंत नटीच्या सरळ नाकाला लागतो. करखात्याचे एवढे तारतम्य क्वचितच दिसते.)

खरा प्रश्न पडद्याबाहेर सुरू होतो. सौंदर्याच्या स्पर्धेतील लाभ सापेक्ष असतो. एकाच मुलाने खासगी शिकवणी लावली तर त्याचा नंबर वर जातो. सर्वांनी लावली की नंबर जेथल्या तेथे राहतात आणि खर्च तेवढा प्रत्येकाच्या माथी बसतो. नटाचा असा खर्च धंद्यात वळता होतो. गारखेड्यासारख्या नोकरदारांच्या वस्तीत तो महिन्याच्या पगारातून, बहुधा हप्त्यांनी जातो. तोही एकदाच होत नाही. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिन्यांत ओसरतो, फिलरचा बहुधा वर्ष-दीड वर्षात. लग्नासाठी पाठवायच्या छायाचित्रापायी किंवा मुलाखतीच्या धास्तीपायी एकविसाव्या वर्षी सुरू झालेला हा खर्च कधी थांबवायचा, हे कोणी सांगत नाही.

आणि ज्या चेहऱ्याशी ही मुलगी स्वतःची तुलना करते, तो निसर्गाने दिलेला की पैशाने घडविलेला, हे तिला कळू दिले जात नाही. उलट, पडद्यावरचा तोच चेहरा दुसऱ्या दिवशी क्रीमच्या जाहिरातीत तिला सांगतो की हे सारे त्या डबीमुळे झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिचे मत प्रामाणिक असावे अशी अट घातली आहे. चेहऱ्यावर झालेले उपचार उघड करण्याचे स्पष्ट बंधन मात्र त्यात नाही. नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातीतील शरीराचा आकार वा त्वचा कृत्रिमरीत्या बदललेल्या छायाचित्रावर तशी खूण सक्तीची केली. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एक पाऊल पुढे जाऊन सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीतील चेहऱ्यावर शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शनचे उपचार झाले असल्यास ते नमूद करणे बंधनकारक करावे.

यावर खासगीपणाचा आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. कोणी आपल्या चेहऱ्याचे काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न होय. परंतु माल खपविण्यासाठी तोच चेहरा पुरावा म्हणून पुढे केला की पुरावा तपासण्याचा ग्राहकाचा हक्क सुरू होतो. त्यासाठी जाहिरातीच्या तळाशी एक ओळ पुरेल. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बाजारातील जोखमीची जी ओळ न चुकता येते, तेवढ्याच लांबीची.