गुरुवारच्या सुट्टीचा आगमनकाळ

नाताळाआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या. आगमनकाळाचा हिशेब सोपा आहे, फक्त तो भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बसत नाही. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी उपासना चालू असते, तेव्हा मंडळीतला एक जण पहिल्या पाळीत असतो आणि दुसरा तिसरी पाळी संपवून झोपलेला असतो. मी आयटीवाला, मला शनिवार-रविवार सुट्टी. पण कारखान्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यामुळे लाइन थांबली की रविवारीही फोन वाजतो.

आणि व्यासपीठावरून दर डिसेंबरला तोच उपदेश ऐकू येतो: तरुणांचं लक्ष उडालंय, मोबाइल बाजूला ठेवा.

मला हा उपदेश मान्य नाही. मोबाइल निर्दोष आहे असं नाही. रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघण्यात शिफ्टचा काही दोष नसतो. पण माणसाच्या निर्धारावर सिस्टिम उभी करायची नसते, हे आमच्या धंद्यातलं साधं शहाणपण आहे. लक्ष टिकायला हवं असेल, तर तशी व्यवस्था करावी लागते.

आपली व्यवस्था काय आहे? कॅरल राउंड, नाटकाची तालीम, सजावट, वर्गणी, केकच्या ऑर्डरी आणि ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं. आपण त्याचं इव्हेंट मॅनेजमेंट करून टाकलंय. डिसेंबरात माझं लक्ष ऑफिसइतकंच मंडळीही खाते.

लूकचा दुसरा अध्याय काढून बघा. तारणाऱ्याच्या जन्माची बातमी आधी कोणाला मिळते? रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, म्हणजे थर्ड शिफ्टवाल्यांना. तीही कामावर असताना. देवदूत त्यांच्या सुट्टीची वाट पाहत थांबला नाही.

प्रार्थनेला शांत खोली आणि मोकळी सकाळच लागते, हे मराठी ख्रिस्ती माणसाने तरी मानू नये. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक म्हणायचे, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या तुकारामांचं देहू तळवड्याच्या आयटी पार्कपासून हाकेच्या अंतरावर आहे. हाती काम, मुखी नाम ही या मातीची जुनी रीत आहे. ती आपलीही आहे.

म्हणून मागणी साधी आहे. आगमनकाळात दर गुरुवारी संध्याकाळी वीस मिनिटांची उपासना ठेवा. मेणबत्ती तेव्हाही लावा. आठवडाभरासाठी एकच उतारा द्या, म्हणजे कंपनीच्या बसमध्ये, चहाच्या सुट्टीत, बिल्ड चालू असताना तोच मनात घोळवता येईल. रोजचे फॉरवर्ड बंद करा. कार्यक्रमांच्या यादीतला निदान एक कार्यक्रम रद्द करा.

हे जमत नसेल, तर तरुणांचं लक्ष उडालंय असं पुन्हा म्हणू नका. ते कामावर आहेत. त्यांच्यापर्यंत मंडळीने जायचं आहे.