जादुगोड्याच्या माणसाला विचारणार कोण?

ज्याच्या दारात घाण टाकावयाची त्यालाच बैठकीबाहेर उभे करावयाचे, हा न्याय तुम्हांला नवा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तोच पुन्हा चालविला. युरेनियमसारख्या अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. त्यासाठी संसदेत चर्चा झाली नाही. एक कार्यालयीन ज्ञापन पुरले!

या सुनावणीचे मोल झारखंडातील जादुगोड्यास विचारा. संथाळ, हो, मुंडा यांच्या गावांलगत तेथे १९६७ पासून सरकारी कंपनीने युरेनियम काढले. खनिज इतके हिणकस की हजार किलो दगडातून एक किलोही युरेनियम निघत नाही. उरलेला दगड दळून, गाळ करून तलावांत सोडतात, आणि मूळ किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग त्या गाळातच राहतो. त्यातील रेडियम निम्मे होण्यास १६०० वर्षे लागतात. खाण बंद होईल, कंपनी उठून जाईल. गाळ कोठे जाणार? चाटीकोचा येथे तिसऱ्या तलावासाठी १९९६ साली आदिवासींची घरे पाडली गेली. डिसेंबर २००६ मध्ये गाळाचा नळ फुटून घाण ओढ्यात वाहू लागली, तेव्हा कंपनीला खबर दिली ती गावकऱ्यांनी!

व्यंग घेऊन जन्मणारी मुले, वंध्यत्व, कर्करोग यांविषयी लोक कित्येक वर्षे आक्रोश करीत आहेत. २००७ साली डॉक्टरांच्या एका संघटनेने पाहणी करून त्यास दुजोरा दिला. कंपनीने आरोप नाकारले. ठीक. वाद आहे ना? मग मोजमापाचे आकडे स्वतंत्र तज्ज्ञांपुढे ठेवा, एवढेच वकील म्हणून माझे म्हणणे. परंतु १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचे १८ वे कलम माहितीच्या आड आले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अणुऊर्जा आयोगाच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून याचिका निकालात काढली. ज्याच्यावर आरोप, त्याचीच साक्ष!

देशाला वीज हवी, असे कोणी म्हणेल. हवीच. पण तिची किंमत कोणी मोजावयाची, हे मोजणाऱ्यास न विचारता कसे ठरते? तेलंगणात नल्लमला अरण्यातील खाणीविरुद्ध २०१९ साली लोक उठले, आणि विधानसभेला विरोधाचा ठराव करावा लागला. लोकांना विचारले की उत्तर काय येते, हे दिल्लीस चांगले कळते. म्हणूनच आता विचारणे नको!

आपापल्या गावी सभा घ्या, हे ज्ञापन रद्द करण्याचा ठराव करा, त्यावर बायाबापड्यांच्याही सह्या घ्या आणि तो मंत्रालयास स्पीड पोस्टाने धाडा. पोच जपून ठेवा.