डॉक्टर हवेतच, पण कार्यक्रम चालवणारेही हवेत

काही वर्षांपूर्वी मी एक फॉर्म बनवला होता. मी नाशिकला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, फॉर्म बनवणं हे माझं रोजचंच काम. मालेगावातल्या काही मित्रांनी यंत्रमाग कामगारांची आरोग्य तपासणी ठेवली होती आणि मोबाइलवर भरायची प्रश्नावली माझ्याकडे सोपवली होती. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो, बिसिनोसिस. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर माणूस कामावर परतला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, श्वास जड होतो, आणि पुढच्या दिवसांत थोडं बरं वाटायला लागतं. पुस्तकांत या त्रासाचं नावच सोमवारशी जोडलेलं आहे. मी ते वाचलं आणि प्रश्न घातला : 'सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळते का?'

सकाळपासून दुपारपर्यंत एकाही कामगाराने 'हो' म्हटलं नाही. रांगेत माझे थोरले मामूही होते. पस्तीस वर्षं माग चालवलेला माणूस. प्रश्न ऐकून ते हसले आणि म्हणाले, "बेटा, छुट्टी तो जुमे की होती है. पीर को क्या होना है? सनीचर का पूछ."

मी तिथल्या तिथे 'सोमवारी'च्या जागी 'शनिवारी' केलं. दुपारनंतर 'हो' यायला लागले.

मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं बालपण त्या खडखडाटात गेलं आहे. पण लॅपटॉपसमोर बसलो तेव्हा मी पुस्तकाचं ऐकलं आणि स्वतःला जे ठाऊक होतं ते विसरलो. त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. मामूंनी वर्षानुवर्षं खोकल्याच्या बाटल्या प्यायल्या. त्यांना औषध देणारे डॉक्टर अनेक भेटले; शनिवारचं विचारणारा एकही भेटला नाही. आणि ते विचारायला डॉक्टरच लागतो असं नाही.

आपल्या समाजात हुशार मूल दिसलं की घरादाराचा एकच बेत ठरतो : डॉक्टर करायचं. नीट एकदा, दोनदा, तीनदा द्यायची. नंबर लागला तर मोहल्ल्यात मिठाई. नाही लागला तर त्या मुलाची किंवा मुलीची आरोग्य क्षेत्राशी असलेली गाठ कायमची तुटते. मग बीएस्सी होते, दुकान सांभाळलं जातं, लग्न ठरतं. डॉक्टर व्हायला माझी अजिबात हरकत नाही. पण डॉक्टर एका वेळी एका रुग्णाला बघतो. पूर्ण वस्तीचं आरोग्य सांभाळायचं तर यादी लागते, नकाशा लागतो, लसीची शीतसाखळी लागते, कोणत्या घरी कोण कधी भेटेल याची माहिती लागते, आणि हे सगळं वेळेवर होतंय की नाही ते पाहणारा माणूस लागतो. सार्वजनिक आरोग्याचे कार्यक्रम चालवणं हा एक वेगळा पेशा आहे. त्याचं शिक्षण आहे, त्यात नोकऱ्या आहेत. मालेगाव, भिवंडी, गोवंडीसारख्या वस्त्यांना आज सर्वांत जास्त गरज त्याच लोकांची आहे.

अलीकडच्या दोन गोष्टी आठवून पाहा.

८ एप्रिल २०२० ला मालेगावात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. त्या महिन्यात शहरातल्या दफनांची संख्या आदल्या वर्षापेक्षा खूप वाढली. पण ते सगळे मृत्यू कोरोनाचे नव्हते. खासगी दवाखाने बंद झाले होते आणि मधुमेह, रक्तदाब, दम्याच्या जुन्या रुग्णांना दारच उरलं नव्हतं. त्यात एनआरसीची चर्चा ताजी होती, त्यामुळे घरात किती माणसं आहेत असं विचारत आलेल्या पथकाकडे लोक संशयाने बघत. पुढे दवाखाने पुन्हा उघडले, स्थानिक डॉक्टर आणि मौलाना सोबत आले, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणं सुरू झालं, तशी परिस्थिती सावरत गेली. या सुधारणेत नवं औषध कोणतंच नव्हतं. होती ती नीट केलेली व्यवस्था. ती पहिल्या आठवड्यात झाली असती तर काही घरांतली माणसं आज असती.

दुसरी गोष्ट गोवराची. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला, मुलं दगावली. गोवराची लस जुनी आहे आणि सरकारी केंद्रात फुकट मिळते. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पण हा आजार इतका सहज पसरतो की शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाल्याशिवाय तो थांबत नाही. म्हणजे ऐंशी टक्के लसीकरण झालं म्हणून पाठ थोपटून घेता येत नाही. उरलेली मुलं कोणत्या गल्लीत आहेत? आई मागावर किंवा बिडीच्या कामावर असते तर केंद्राची वेळ तिला जमते का? गावी बाळंतपण झालेल्या बाळाचं नाव इथल्या यादीत आलं का? नकार देणारा बाप नेमकं कशाला घाबरतोय? हे प्रश्न व्यवस्थापनाचे आहेत. ते सोडवले गेले नाहीत म्हणून मुलं गेली.

आणि आपले लोक लसीला विरोधच करतात, हे सरसकट विधान मला मान्य नाही. इतिहास वेगळं सांगतो. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ होती आणि वाल्डेमार हाफकिन यांच्या नव्या लसीला सगळ्याच समाजांत लोक घाबरत होते. तेव्हा विशीही न गाठलेल्या आगाखानांनी अनुयायांसमोर स्वतः ती टोचून घेतली, एकदा नव्हे, अनेकदा. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात, जिथे नकार जास्त होता, तिथे त्याच वस्तीतल्या बायकांना काम दिलं गेलं. त्यांनी घरनिहाय नोंदी ठेवल्या, इमामांशी बोलल्या, रुसलेल्या घरात पुन्हा पुन्हा गेल्या. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. ओळखीचा माणूस दारात आला की दार उघडतं, हा त्यातला धडा.

आता मागांकडे येऊ. मागाच्या शेडमध्ये बारा बारा तासांची पाळी असते. आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा नव्वद डेसिबल मानली जाते. शेडमध्ये दोन पावलांवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, यावरूनच काय ते समजा. मामू आता घरातही मोठ्याने बोलतात. आवाजाने आलेला बहिरेपणा आणि बिसिनोसिस हे दोन्ही आजार १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते, म्हणजे सापडले तर सरकारला कळवणं बंधनकारक. पण कायदा लागू व्हायला आधी 'कारखाना' असावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान वीस कामगार असतील तरच तो कारखाना. मालेगावातल्या बहुतेक शेड त्याखालीच. मालकही बऱ्याचदा चार-आठ मागांचा, कर्जात बुडालेला आपलाच माणूस. नुसतं निरीक्षकाच्या नावाने ओरडून इथे भागणार नाही. शेडमधली धूळ रोज ओल्या फडक्याने किंवा शोषक यंत्राने काढणं, कानात घालायचे बोळे, वर्षाला एक श्वासाची आणि एक कानाची तपासणी, खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकीची तपासणी : हे सगळं स्वस्तातलं आहे. फक्त हजारो शेडमध्ये ते वर्षानुवर्षं चालू ठेवणारं कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण यात शिरायचं कसं? मला माहीत असलेल्या वाटा सांगतो.

तुम्ही इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा केला असेल, तर एक वर्षाची औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका आहे. मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत ती होते, आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळामार्फतही. नव्या संहितेनुसार पाचशे कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणं सक्तीचं आहे. घातक प्रक्रिया असेल तर अडीचशेलाच. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतून रोज जा-ये करणाऱ्या आपल्या मुलांपैकी किती जणांना हे पद ठाऊक आहे? एमबीबीएस झालेल्यांसाठी त्याच सायनच्या संस्थेत औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे.

मालेगावच्या मन्सुऱ्यातून दरवर्षी युनानी पदवीधर बाहेर पडतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या पदासाठी महाराष्ट्राने आयुर्वेद आणि नर्सिंगबरोबर युनानी पदवीही ग्राह्य धरली आहे. गल्लीत पाचवा दवाखाना टाकण्यापेक्षा एका उपकेंद्राच्या पूर्ण लोकसंख्येची जबाबदारी घेणं हे मोठं काम आहे.

कोणत्याही शाखेचे पदवीधर असाल तर क्षयरोग कार्यक्रमातलं वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाचं पद पाहा. पदवी, संगणकाचं प्रमाणपत्र आणि दुचाकीचा पक्का परवाना मागतात. परवाना कशाला? कारण काम खुर्चीतलं नाही. कोणत्या रुग्णाने गोळ्या सोडल्या हे शोधत फिरावं लागतं. पुढे शिकायचं तर सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, पुणे विद्यापीठात आहे, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे. आकडेवारीची आवड असेल तर देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. म्हसरूळला जाऊन निदान चौकशी तरी करा. पात्रतेचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचा. ऐकीव माहितीवर फॉर्म सोडू नका.

आता अडचणीचं. आरोग्य अभियानातल्या बहुतेक नोकऱ्या कंत्राटी आहेत. कायम करा म्हणून या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये राज्यभर मोठे संप केले. पगार माझ्या क्षेत्रातल्या पगारांशी तुलना करण्यासारखे नाहीत. चांगल्या पॅकेजवर बसून मी तुम्हाला त्यागाचं प्रवचन द्यावं हे बरं दिसत नाही, म्हणून स्पष्ट सांगतो : घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल, तर आधी कारखान्यातल्या सुरक्षेची वाट धरा. तिथे कंपनी पगार देते आणि अनुभव वाढेल तशी मागणी वाढते. पण ज्यांना दोन-चार वर्षं झेपेल त्यांनी आरोग्य अभियानात जावं. तिथे जिल्ह्याचा कारभार आतून शिकायला मिळतो. स्वयंसेवी संस्था, विमा, रुग्णालयं, संशोधन, सगळीकडे त्या अनुभवाला किंमत आहे.

मुलींच्या आईवडिलांनाही एक सांगायचं आहे. फिरतीची नोकरी म्हणून नको म्हणू नका. पडद्यातल्या घरात शेवटच्या खोलीपर्यंत जाऊ शकते ती बाईच. बाळंतिणीला रक्ताची कमतरता आहे का, बाळाचा डोस चुकला का, हे तिलाच सांगितलं जातं.

एक शंका मलाही येते. आपल्या मुलांनी हे शिकावं म्हणजे फक्त मुस्लिम वस्तीतच काम करावं का? मुळीच नाही. सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या अंगावर फवारणीचं औषध उडतं. त्यांचा शनिवार कोणता आहे हे अजून कोणी विचारलेलं नाही. मागावरच्या मामूंची अडचण ज्याला कळली, त्याला बागेतल्या मजुराची कळायला वेळ लागणार नाही. मराठी आपली कचेरीची भाषा आहे, उर्दू-हिंदी मोहल्ल्याची. दोन्ही येणारा माणूस या कामात दुप्पट उपयोगाचा, आणि ती शिदोरी तुमच्याजवळ आधीपासून आहे.

मामूंच्या श्वासाची तपासणी त्या दिवशी झाली. फुप्फुसं जेवढी जायची तेवढी गेली होती; ती परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचा धाकटा मुलगा आता त्याच शेडमध्ये उभा राहतो. त्याच्यासाठी अजून वेळ आहे. तुमच्यापैकी कोणी यंदा यातली एखादी जाहिरात वाचून अर्ज भरला, तर शनिवारचं विचारणारा एक माणूस वाढेल.