गोव्याआधी वाई

प्रत्येक ग्रुपचा गोव्याचा एक प्लॅन असतो आणि तो दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवरच मरतो. कामतघरात वऱ्हाळा तलावाच्या काठी बसून किती गोवे झाले, त्याची मोजदाद नाही. आमचं म्हणणं एवढंच, की यंदा गोवा राहू द्या. कृष्णाकाठच्या वाईला जा. या गावाला लोक दक्षिण काशी म्हणतात, आणि ते एका शनिवार-रविवारात नीट बघून होतं.

प्लॅन फसतो कुठे? पैशांवर, असं सगळे म्हणतात. आम्हाला विचाराल तर तो बाइकवर फसतो. रात्री अकराला कुणीतरी लिहितो, ‘पहाटे चारला निघू, पाच बाइक’. त्याच मिनिटाला ग्रुपमधल्या मुली गळतात. त्या काही बोलतही नाहीत, कारण घरी काय उत्तर मिळणार ते ठाऊक असतं. मग बाइक नसलेला गळतो. ज्याला शनिवारी वडिलांबरोबर लूमवर उभं राहावं लागतं, तो ‘बघतो’ म्हणतो आणि पुन्हा दिसत नाही. उरतात तिघं, आणि अंधारात बायपासवर धावणारे कंटेनर. आईबाबांना नावं ठेवण्याआधी त्यांच्या जागी बसून हा प्लॅन एकदा ऐकून बघा!

त्यापेक्षा एसटी बरी. कल्याणहून पुण्याची ट्रेन, स्वारगेटहून वाईची गाडी. खंबाटकी घाट चढला की पुढे सुरूर फाट्याला गाडी आत वळते. मार्च २०२३ पासून एसटीत मुलींना निम्मं तिकीट आहे, म्हणजे खर्चही उतरला. उजेडात निघायचं, उजेडात पोचायचं, राहण्याच्या जागेचा फोन नंबर घरी लिहून द्यायचा आणि माणशी पैसे पंधरा दिवस आधी ठरवायचे. एवढं केलं तरी काही घरांतून नकार येईलच. पण निदान तो विचार करून आलेला असेल.

आता बघायचं काय? गणपती आळीच्या घाटावरचा ढोल्या गणपती. १७६२ च्या सुमाराचं रास्त्यांचं बांधकाम. मूर्ती सगळेच बघतात. तुम्ही देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दोन बाजूंना फुटावं म्हणून. इंजिनिअरिंगवाल्यांनी तिथे पाच मिनिटं जास्त थांबावं. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून झालं, हेही वाचनवेड्यांसाठी सांगून ठेवतो.

खरी मजा तीन किलोमीटरवर मेणवलीत आहे. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा घाट. ‘स्वदेस’ इथलाच, त्यामुळे फोटो काढणारे भरपूर. पण घाटावर टांगलेली ती मोठी घंटा आपल्या भागातली आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, तिकडच्या पोर्तुगीज चर्चमधून ती इथे आली असं सांगतात. भिवंडी रोड स्टेशनावरून ज्या वसईला आपण सहज जातो, तीच ही वसई.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. कृष्णा घाटावर शांत दिसते, पण वर धोमचं धरण आहे. पावसाळ्यात पाणी सोडलं की पायऱ्या बघता बघता बुडतात. शिवाय ओल्या दगडावर शेवाळ असतं. पोहता येत नसेल तर रीलसाठी शेवटच्या पायरीवर जायचं नाही. स्थानिक माणूस ‘पोरांनो, वर या’ म्हणाला तर वाद न घालता वर यायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात बरा.

पाचगणी पसरणी घाट चढला की लागतेच, पण दोन दिवसांत दोन्ही कोंबू नका. नाहीतर दोन्हीकडचं फक्त पार्किंग लक्षात राहील. रविवारी जेवून लगेच निघा. येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, घाट नाही, पण पुण्याजवळ ट्रॅफिक हमखास असतं. आणि सोमवारी पहिलं लेक्चर आहे.