शेवटची पाच मिनिटं

हॉकीच्या सामन्यात भारत एका गोलने पुढे असतो, घड्याळात पाच मिनिटं उरलेली असतात आणि माझ्या छातीत धडधडायला लागतं. ही धडधड सप्टेंबर 2000 पासूनची. सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडला हरवलं असतं तर आपण उपांत्य फेरीत होतो. आमच्या खडकीचा धनराज पिल्ले संघात होता, आपण 1-0 ने पुढे होतो. दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडने बरोबरी साधली. वडिलांनी उठून टीव्ही बंद केला. त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत.

पुढेही हातातली आघाडी अशी निसटताना पाहत आलो. 2018 साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध 2-1 अशी आघाडी होती. 59व्या मिनिटाला बरोबरी झाली आणि शूटआउटमध्ये हार. 2023 च्या विश्वचषकात भुवनेश्वरला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, न्यूझीलंडविरुद्धची 3-1 ची आघाडी 3-3 वर आली. पुन्हा शूटआउट, पुन्हा हार.

आघाडी मिळाली की आपला संघ हळूहळू मागे सरकतो. फॉरवर्ड मधल्या रेषेच्या अलीकडे येतात, मधली फळी बचावफळीला चिकटते. बॉल मिळाला की तो जोरात पुढे मारायचा, मग तिथे आपलं कोणी असो वा नसो. पाच-सात सेकंदांत तोच बॉल समोरच्या संघाच्या स्टिकवरून परत आपल्या गोलसमोरच्या डीपाशी येतो. डीमध्ये आपलेच सात-आठ जण दाटीने उभे. अशा वेळी समोरच्याला सुंदर गोल करायची गरजच राहत नाही. त्याने त्या पायांच्या जंगलात बॉल ढकलला तरी पुरतं, एखाद्या पायाला लागतो आणि शॉर्ट कॉर्नर मिळतो. सावध म्हणून जे करतो, त्यातूनच धोका तयार होतो.

शिवाय हॉकीत अंग आडवं घालून बॉल झाकता येत नाही, तो फाऊल. म्हणजे वेळ काढायचा तर पास द्यावा लागतो, पास घ्यायला मोकळ्या जागी धावावं लागतं. दमलेल्या पायांनी, आघाडी हातात असताना हे करायला फार मोठं धैर्य लागतं. मागे उभं राहणं सोपं वाटतं, आणि मला त्या मुलांचा राग येत नाही, जीव तुटतो.

गोलरक्षक श्रीजेशने आपल्याला अनेकदा तारलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध 5-4 असताना शेवटच्या सहा सेकंदांतला शॉर्ट कॉर्नर त्याने अडवला आणि 41 वर्षांनी पदक आलं. मीही रडलो. पण तो कॉर्नर मिळालाच कसा, हे त्या आनंदात कुणी विचारलं नाही. पॅरिस ऑलिंपिकनंतर श्रीजेश निवृत्त झाला. आता तरी विचारायला हवं.

मागे राहून झुंजणं कधीकधी भागच असतं. पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि चाळीसहून अधिक मिनिटं दहा जण लढले. त्या बचावाला माझा मुजरा. पण त्याच ऑलिंपिकमधला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना मला जास्त मोलाचा वाटतो. मध्यंतराला आपण 2-1 ने पुढे होतो. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आपण पुढेच गेलो, आणि 32व्या मिनिटाला कर्णधार हरमनप्रीतने संघाचा तिसरा गोल केला. सामना 3-2 ने जिंकला. 1972 नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं ते असं, आणि तो तिसरा गोल नसता तर?

मध्यंतरी पिंपरीत नेहरूनगरच्या मैदानावर मुलांचा एक सामना पाहत होतो. एका गोलची आघाडी, शेवटची मिनिटं. फुलबॅककडे बॉल आला. कठड्यापाशी उभे आम्ही सगळे ओरडलो, ‘मार बाहेर, मार!’ त्याने मान वर करून एकदा पाहिलं आणि उजवीकडच्या मोकळ्या हाफला सरळ पास दिला. हाफने तो पुढे दिला. शिट्टी झाली तेव्हा बॉल समोरच्या संघाच्या डीजवळ होता.