मर्दुमशुमारीत बाई कुठे आहे?

जनगणनेसाठी आपल्या घरांत दोन जुने शब्द ऐकू येतात. मराठीत खानेसुमारी आणि उर्दूत मर्दुमशुमारी. दोन्ही फारसीतून आलेले. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. मर्दुम म्हणजे माणसे, लोक. फक्त मर्द नव्हेत. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्या अनेक घरांत ही मोजणी निम्मीच होते. घरात बाई आहे, एवढे लिहिले जाते. ती काय काम करते, किती शिकली आहे, हे मात्र घाईत उरकले जाते.

२०२१ ची खानेसुमारी कोविडमुळे झाली नाही. आता लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख सरकारने जाहीर केली आहे. दारात येणाऱ्या प्रगणकांत आम्हा शिक्षकांचा भरणा मोठा असतो. म्हणून दाराच्या आत काय उत्तर तयार असावे, यावर या महिन्यात बोलू या.

आधी हे पाहू की या आकड्यांनी होते काय. २००८ साली केंद्र सरकारने देशातले ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले आणि तिथे शाळेच्या खोल्या, वसतिगृहे, अंगणवाड्या, आयटीआय, आरोग्य केंद्रे यांसाठी वेगळा पैसा ठेवला. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते: बुलढाणा, वाशीम, हिंगोली आणि परभणी. निवड कशी झाली? २००१ च्या खानेसुमारीवरून. जिल्ह्यात अल्पसंख्याक किती, हे तर पाहिलेच. शिवाय साक्षरता, स्त्रियांची साक्षरता, कामात असलेल्यांचे प्रमाण आणि कामात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण हे चार आकडे पाहिले. त्यांच्या जोडीला पक्की भिंत, पिण्याचे पाणी, वीज आणि शौचालय. म्हणजे २००१ मध्ये कुणी ओट्यावर उभे राहून दिलेले उत्तर सात वर्षांनी वसतिगृहाच्या कागदावर जाऊन बसले.

यातला हिंगोली जिल्हा घ्या. २०११ मध्ये तिथली लोकसंख्या ११,७७,३४५ होती. शंभरातले सुमारे ८५ लोक खेड्यांत. साक्षरता ७८ टक्के, तेव्हा राज्याची ८२. हळद, कापूस, सोयाबीन आणि ऊस यांवर चालणारा हा मुलूख. हळद उकरल्यावर कंद मोडायला, कापूस वेचायला, सोयाबीन निंदायला कोण जाते, हे तिथल्या कुणालाही विचारा. बायका जातात आणि त्यांत आपल्याही असतात. ज्या शेतात जात नाहीत, त्यांतल्या कुणाची दाराशी बकऱ्यांची दावण असते, कुणाचे शिलाईयंत्र दुपारभर चालते, कुणी रजया भरते, कुणी रमजानच्या आधी शेवया करून विकते, कुणी मोहल्ल्यातल्या मुलांना फी घेऊन सिपारा शिकवते. तरी प्रगणकाने विचारले की घरातला पुरुष चटकन सांगतो, "कुछ नै करती, घरमेंच रहती." आणि कागदावर 'काम करत नाही' अशी नोंद होते.

खानेसुमारीत 'काम' कशाला म्हणतात, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलेले नसते. २००१ आणि २०११ च्या खानेसुमारीतली व्याख्या साधी होती. उत्पादनाच्या कोणत्याही आर्थिक कामात हातभार लावणे म्हणजे काम. मोबदला मिळो वा न मिळो. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी सूनही कामगार. इतकेच नव्हे, तर फक्त घरात खाण्यापुरती शेती करणारी आणि घरच्या चहापुरते दूध काढण्यासाठी म्हैस सांभाळणारी बाईसुद्धा त्या व्याख्येत कामगार होती. वर्षातून सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केले तर मुख्य कामगार, कमी केले तर सीमान्त कामगार. दिवाळीपासून दोन-तीन महिने कापूस वेचणारी बाई 'काही करत नाही' यात बसत नाही. ती सीमान्त कामगार आहे. घरी बसून केलेल्या शिलाईला 'घरगुती उद्योग' हा वेगळा रकाना होता. मात्र आपल्याच घरचा स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन हे त्या व्याख्येत येत नव्हते. ही व्याख्या आम्हांलाही अपुरी वाटते. पण जे तिच्यात बसते, तेही आपणच गाळून टाकले तर तक्रार कुणाकडे करायची?

आकडे वाचतानाही थोडी खबरदारी हवी. २००१ च्या खानेसुमारीत देशातल्या मुस्लिम स्त्रियांपैकी १४.१ टक्के कामात दिसल्या. सगळ्या स्त्रियांचे प्रमाण २५.६ टक्के होते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मात्र मुस्लिम स्त्रियांचा आकडा सुमारे २५ टक्के आहे आणि सगळ्या स्त्रियांचा ४४. मग खोटे कोण? कुणीच नाही. खानेसुमारीने भागताना पाळण्यातल्या मुलीपासून दादीपर्यंत सगळ्यांना धरले. समितीने १५ ते ६४ वयाच्या स्त्रियाच धरल्या आणि आकडे नमुना पाहणीतून घेतले. सातवीतल्या मुलालाही कळेल: छेद बदलला की टक्का बदलतो. म्हणून कुणी व्हॉट्सअॅपवर एखादा टक्का पाठवला, तर पहिला प्रश्न विचारावा, 'कितीपैकी?'

त्याच अहवालात खेड्यांचा आकडा आहे. ग्रामीण भागात हिंदू स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के कामात, मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के. या अंतराचा मोठा भाग खरा आहे. आपल्याकडे जमीन कमी, त्यामुळे घरच्या शेतातले कामही कमी. पण काही भाग उत्तर देतानाच हरवतो, असे आम्हांला वाटते. बायको कमावते हे सांगायला पुरुषाला कमीपणा वाटतो. हजरत खदीजा रजि. यांच्या व्यापाराची गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग घरातल्या शिलाईयंत्राचे नाव घेताना जीभ का अडखळते?

शिक्षणाच्या रकान्यातही असेच होते. सात वर्षे किंवा त्याहून मोठी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकत असेल, तर ती साक्षर. शाळेत गेलेच पाहिजे, अशी अट नाही. मराठीच आली पाहिजे, अशीही नाही. आपल्या कितीतरी अम्मी आणि नानी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण उर्दू मासिक वाचतात, माहेरी खत लिहितात. त्या साक्षर आहेत. मुलगा मात्र सांगून मोकळा होतो, "अम्मी अनपढ आहे." उलट, कुराणशरीफची तिलावत अर्थ न कळता करता येते, पण कोणत्याच भाषेत लिहिता येत नाही, अशी व्यक्ती या व्याख्येने साक्षर ठरत नाही. तिथे फुगवून सांगू नये. जे आहे ते सांगावे.

नुसत्या साक्षरतेत आपण मागे नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची ७६.९. म्हणजे आपण किंचित पुढेच. घसरण पुढे होते. राज्य सरकारने नेमलेल्या डॉ. महमूदुर्रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात मुसलमानांतले पदवीधर अवघे २.२ टक्के. आमच्या वर्गांत हेच दिसते. सातवी-आठवीपर्यंत मुली बाकांवर दाटीने बसलेल्या असतात. गावातली शाळा संपली, पुढची शाळा दहा-बारा किलोमीटरवर आणि एसटीची वेळ जुळत नाही, की पट गळू लागतो. ही गळती नेमकी कोणत्या इयत्तेत आहे, हे कागदावर यायचे असेल, तर 'शिकलेली आहे' एवढे उत्तर पुरत नाही. कोणती इयत्ता पूर्ण झाली आणि सध्या ती शिकते आहे की नाही, हे नीट सांगावे लागते. दहावीला बसून नापास झालेल्या मुलीला 'दहावी' लिहिले, तर तिच्यासाठी काही करायची गरजच कागदावरून पुसली जाते.

२०११ च्या पत्रकात आणखी एक प्रश्न होता. जी व्यक्ती काम करत नाही किंवा थोडेच दिवस करते, ती कामाच्या शोधात आहे का, काम मिळाले तर करायला तयार आहे का? घरात डीएड झालेली, संगणकाचा कोर्स केलेली मुलगी बसलेली असते. तिच्या वतीने कुणीतरी 'नाही' म्हणतो. तिला विचारले असते, तर कदाचित ती 'हो' म्हणाली असती. हे उत्तर तिचे तिलाच देऊ द्या.

काही वाचक म्हणतील, कमी आकड्यामुळेच जर योजना मिळते, तर आकडा कमीच राहू द्यावा. हा हिशेब फसवा आहे. शंभर बाया शिलाई करत असून कागदावर एकही नसेल, तर त्या गावात शिलाईच्या मालाला बाजार किंवा बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, असे कुणाला सुचणार नाही. खऱ्या आकड्यातून कामाची योजना निघते. चुकीच्या आकड्यातून खोली बांधली जाते आणि तिला कुलूप लागते.

अनेक घरांत या मोजणीची धास्ती असते, हेही आम्ही जाणतो. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक माहितीची नोंद कुणाला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. कलम ८ मध्ये एक सवलतही आहे: घरातल्या स्त्रीचे नाव सांगायची सक्ती नाही आणि रिवाजाने नवऱ्याचे नाव घेत नसलेल्या स्त्रीला ते सांगायची सक्ती नाही. मात्र विचारलेल्या प्रश्नांची आपल्या माहितीप्रमाणे खरी उत्तरे देणे कायद्याने बंधनकारक आहे.

तर फेब्रुवारी २०२७ च्या आधी एका संध्याकाळी, मगरिबनंतर, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. वहीचे एक पान घ्यावे. प्रत्येकाचे नाव, पूर्ण झालेली इयत्ता, कोणती भाषा लिहिता-वाचता येते, गेल्या वर्षभरात कोणते काम किती महिने केले आणि काम मिळाले तर हवे आहे का, असे रकाने आखावेत. बायांचे रकाने बायांनीच सांगावेत. लिहिता येणाऱ्या मुलीने लिहून घ्यावेत. प्रगणक आले की ते पान समोर ठेवून उत्तरे द्यावीत. पडद्याआडून बोलले तरी चालते, पण ज्याचे त्याने बोलावे. शेजारच्या घरात लिहिणारे कुणी नसेल, तर आपल्या मुलीला ती वही घेऊन तिथेही पाठवावे.